फडकं खाली ठेव!

फडकं खाली ठेव. आधी ठेव, मग बोलू.

रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला तुझ्या दारावरून चाललो होतो. अंगणात नवी कोरी काळी गाडी उभी. एम. एच. ४२ ची पाटी अजून चकचकीत, पुढचा झेंडूचा हारसुद्धा तसाच. आणि तू काय करत होतास? बोअरचा पाइप मोकळा सोडलेला, बादलीत कपड्यांची पावडर, हातात वडिलांचं फाटकं बनियन, आणि तापलेल्या बॉनेटवर गोल गोल घासणं चाललेलं. मला बघून वर म्हणालास, "सर, रोज धुतो बरं का!" तुला वाटलं मी शाबासकी देईन. अरे, आळशी पोरानं गाडी महिनाभर तशीच धुळीत ठेवली असती, तर तिचं निम्मंही नुकसान झालं नसतं.

मी तुला आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. परका असतास तर मान वळवून पुढं गेलो असतो. पण तुझ्या गाडीच्या पहिल्या रकमेत वडिलांच्या उसाचं बिल गेलंय, आणि पुढची सात वर्षं तू हप्ते भरणार आहेस, हे मला ठाऊक आहे. म्हणून बोलतो. नीट ऐक आणि मध्ये बोलू नकोस.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की कर. धूळ गाडीवर बसली म्हणून रंगाचं काही बिघडत नाही. ती धूळ दाबून घासणारा हात रंगाचं वाटोळं करतो. आपल्या बारामतीजवळच्या कन्हेरीची धूळ म्हणजे काय पिठी नाही. तिच्यात गारगोटीचे बारीक कण असतात, आणि गारगोटी काचेवर ओरखडा काढते हे मी तुला वर्गात काचेचा तुकडा घेऊन दाखवलं होतं. तोच कण तू ओल्या बनियनमध्ये धरलास आणि बॉनेटभर फिरवलास. ते धुणं नव्हतं, ती पॉलिश पेपरची घिसाई होती.

रात्री गाडी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी कर आणि बॉनेटकडे तिरकं बघ. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतील. त्या रेघा खरं तर सगळ्या दिशांना गेलेल्या असतात. पण ज्या दिव्याशी काटकोनात येतात त्याच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. तू म्हणशील, शेजारच्यांच्या पांढऱ्या गाडीला असं काही नाही. तिलाही आहे. काळ्या फळ्यावर खडूची रेघ शेवटच्या बाकावरून दिसते. तीच रेघ पांढऱ्या भिंतीवर ओढली तर पहिल्या बाकावरच्यालाही दिसत नाही. काळा रंग घेतलास म्हणजे तू फळा घेतलास. त्याच्यावरची प्रत्येक चूक गावाला वाचता येणार. हा विचार रंग निवडताना केला होतास का?

आता त्या रंगाची जाडी ऐक. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर काळा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर. सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला वरचा पारदर्शक थर, ज्याच्यावर सगळी चमक अवलंबून आहे, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. तुझ्या वहीचं पान त्याहून जाड असतं. दहावीत तू वहीचं पान खोडरबरानं घासून घासून फाडायचास, आठवतं? तोच हात, तीच घाई, आणि आता पान लाखो रुपयांचं.

कारखान्यात रंग देताना हवा गाळून आत सोडतात. कामगार अंगभर धागा न सुटणारे पोशाख घालतात, कारण धुळीचा एक कण बसला तरी रंगात खोड राहते. इतक्या निगुतीनं दिलेल्या रंगावर तू पसाभर माती घासलीस. आणि यंत्र आपल्या भागाला नवं आहे असंही नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांनी वालचंदनगर वसवलं. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी काढली. वालचंदनगरच्या कारखान्यानं पुढं इस्रोच्या रॉकेटचे भाग बनवले. केसाएवढा फरक चालत नाही अशी कामं करणारे हात तुझ्या घरापासून तासाभराच्या वाटेवर आहेत. तुला एक मोटार धुता येत नाही!

आता ती पावडर. हळदीचा कागद केला होतास ना वर्गात? साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला आणि पिवळा कागद लाल झाला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तूच ओरडला होतास, "सर, आम्लारी!" मग कपड्यांची पावडर आम्लारीधर्मी असते हे तुला वेगळं सांगायला हवं का? ती तेलकट कपड्यांसाठी बनवलेली आहे. गाडीवरचा मेणाचा थर ती थोड्याच धुण्यांत उतरवून टाकते आणि रबराची कड कोरडी पाडते. गाड्यांसाठी उदासीन शाम्पू मिळतो. एक बाटली कित्येक महिने पुरते. आणि चमक यावी म्हणून फडक्यावर डिझेल घेऊन पुसायचा सल्ला तुला कुणी दिला असेल, तर त्याला माझ्याकडे पाठव. डिझेलचा तवंग तासभर चमकतो, मग त्याच्यावर दुप्पट धूळ चिकटते.

बोअरच्या पाण्याचंही तेच. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यानं आईच्या पातेल्यात पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल खराब होते, तेच पाणी तू बारा वाजता तापलेल्या काळ्या पत्र्यावर मारतोस. पाणी उडून जातं, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार मागं राहतात. बॉनेटवर नाण्याच्या कडेसारखे पांढरे गोल डाग पडलेत ते त्याचेच. उन्हात ते तसेच भाजत राहिले की पारदर्शक थरात खड्डा पडतो, आणि मग पुसून जात नाहीत.

आणि ते पाणी वाहून कुठं गेलं? मी तुझाच पाइप तुझ्याच २० लिटरच्या बादलीत धरून बघितला. मिनिटात बादली भरली. तू पाइप ४० मिनिटं चालू ठेवलास. कर गुणाकार. ८०० लिटर! बारामतीच्या जिरायती पट्ट्यात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावतात, आणि तू एका गाडीवर चाळीस बादल्या ओततोस, तेही रोज. याबद्दल मला तुझी खरोखर लाज वाटली. गाडी आठवड्यातून एकदा धुतली तरी पुरते, आणि पाच-सहा बादल्यांत नीट धुता येते.

देवाचं बोलू. नवी गाडी मारुतीला नेलीस, चांगलं केलंस. बारामतीच्या निवडणुकांच्या प्रचाराचा नारळ कन्हेरीच्या मारुतीपुढं फुटतो, मग तुझ्या गाडीचा का फुटू नये? पण नारळ दगडावर फोडायचा. त्याचं पाणी बॉनेटवर शिंपडून ते उन्हात वाळवायचं नसतं. त्यात साखर असते, ती चिकटते. कुंकवाचं स्वस्तिक काढलंस, तेही दाबून, ओल्या बोटानं, आणि रोज धुतानाही तेवढं आठवडाभर पुसलं नाहीस. कुंकू हळद आणि चुन्याचं. लाल डाग त्या जागी धरला आहे. हाराची तार बंपरला घासून कोपरा सोललाय. मारुतीला तुझी भक्ती पोहोचली. तारेऐवजी दोरा वापरला असतास तरी पोहोचली असती. टिळा काचेवर लाव, हार त्याच संध्याकाळी उतरव.

आता नीट धुवायचं कसं ते लिहून घे. हो, लिहूनच घे.

सकाळी ऊन चढायच्या आत, सावलीत. पत्र्यावर तळहात ठेव. हाताला गार लागला तरच पाणी घाल. आधी नुसतं पाणी वरून खाली सोड आणि सुटी माती वाहून जाऊ दे. या वेळी गाडीला हात लावायचा नाही. चाकं आधी धू, त्यांचं फडकं आणि बादली वेगळी. ब्रेकची लोखंडी भुकटी त्यांच्यावर बसलेली असते, ते फडकं चुकूनही दाराला लागता कामा नये.

मग दोन बादल्या घे. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मऊ मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडव, छतापासून सुरुवात कर, सरळ रेषेत फिरव, दाब देऊ नकोस. एक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून घे, मगच पुन्हा शाम्पूत. वर्गात फळा पुसण्याआधी डस्टर बाहेर झटकून आण म्हणून मी तुला रोज सांगायचो. खडूनं भरलेल्या डस्टरनं फळा पुसला तर सगळा फळा करडा होतो. दुसरी बादली म्हणजे ते झटकणं. एवढं कळलं तर सगळं कळलं. गाडीचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण चिखल तिथंच असतो.

शेवटचं पाणी जमलं तर आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं घाल, आणि एक थेंबही आपोआप वाळू देऊ नकोस. जाड मायक्रोफायबरचा टॉवेल पत्र्यावर पसर आणि हलक्या हातानं ओढून घे, रगडू नकोस. टॉवेल खाली मातीत पडला तर त्या दिवशी तो गाडीला लावायचा नाही, कितीही झटकलास तरी.

तालुक्याच्या गावातल्या एका वॉशिंग सेंटरवर मी स्वतः पाहिलंय, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पुसलेलं फडकं त्याच मिनिटाला मोटारीच्या काचेवर आलं. पैसे देऊन ओरखडे विकत घेऊ नकोस. तिथं नेलीच तर फक्त पाणी मारून घे, पुसायचं काम आपल्या टॉवेलनं आपण कर.

उसाच्या हंगामात आणखी जप. पाचट पेटवलं की काजळी उडत येते आणि काळ्या गाडीवर दिसतही नाही. ती कोरड्या फडक्यानं पुसलीस तर रेघा ठरलेल्या. पाण्यानं उतरव. ट्रॉल्यांच्या मागं चिकटून गाडी चालवू नकोस, मागच्या चाकांतून उडालेला खडा थेट बॉनेटवर येतो. गाडी चिंचेखाली, लिंबाखाली लावतोस, सावली मिळते खरी, पण पाखरांची विष्ठा पडते. तिच्यातलं आम्ल उन्हात रंग खातं. ती दिसली की त्याच वेळी ओला टॉवेल ठेवून भिजू दे, मग उचल. नखानं खरवडू नकोस.

मेण लाव, दर तीन महिन्यांनी. कारनौबा म्हणून एक मेण येतं, ब्राझीलच्या कोरड्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं. आपलं पाणी उडू नये म्हणून ते झाड पानांवर मेणाचा थर धरतं. झाडाला जे कळतं ते तुलाही कळावं. सिरॅमिक कोटिंग करायचं असेल तर कर, पाणी आणि घाण कमी चिकटते, पण ते चिलखत नव्हे. त्याच्यावरही घाणेरडं फडकं फिरवलंस तर ओरखडे पडणारच. खड्यांची भीती असेल तर पुढच्या भागावर पारदर्शक संरक्षक फिल्म लाव. आणि आता पडलेल्या रेघा घालवायला मशीनची पॉलिश करून घ्यायची घाई करू नकोस. पॉलिश म्हणजे त्याच ४०-५० मायक्रॉनमधून थोडं कापून काढणं. एकदा, जाणत्या माणसाकडून, बास. पारदर्शक थर पिकासारखा पुन्हा उगवत नाही.

शेवटचं सांगतो. तुझे वडील बैल धुवायचे ते मी पाहिलंय. कामावरून घामेजून आलेल्या बैलावर त्यांनी कधी लगेच पाणी ओतलं नाही. आधी सावलीत उभा करायचे, मग केसांच्या दिशेनं हात फिरवायचे, उलटा कधीच नाही. शेजारच्या काटेवाडीत तुकोबांच्या पालखीला परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात. कुठलं कापड दगडावर आपटायचं आणि कुठलं नुसतं खळबळायचं, हे त्या माणसांना हाताच्या स्पर्शानं कळतं. धुणं ही आपल्याकडं शिकून घ्यायची विद्या होती. तुझ्या घरात ती होती आणि तू ती न शिकताच फडकं उचललंस. रोज धुणं ही माया नव्हे. वस्तू कशाची बनली आहे ते समजून तिला हात लावणं, ही माया.

येत्या शनिवारी सकाळी सहा वाजता गाडी माझ्या दारात आण. दोन बादल्या आणि स्वच्छ टॉवेल घेऊन ये. धुवायचं तू, मी शेजारी उभा राहीन. आणि ते बनियन आजच्या आज चुलीत घाल.