वेच्याच्या दिवसांतला सैपाक

केळापूर तालुक्यात दिवाळी आणि कापसाचा पहिला वेचा साधारण एकाच सुमारास येतात, आणि दोघांनाही बाईच लागते. घरात चकल्या-करंज्या तिनेच तळायच्या, वावरात फुटलेली बोंडंही तिनेच वेचायची. कापूस थांबत नाही. परतीच्या पावसात सापडला तर भिजतो, उशीर झाला तर त्याला पालाकचरा चिकटतो आणि पांढरकवड्याला विकायला नेला की त्याच कारणाने भाव पाडून मागितला जातो. म्हणून फराळाची कढई चढते ती दिवे लागल्यावर. 'घाईच्या वेळी झटपट' अशा मथळ्याच्या पाककृती वाचताना मला वाटतं, घाई ऑफिस आणि लोकलगाडीबरोबर जन्माला आली असं आपण उगाच धरून चालतो. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईपेक्षा जास्त घाईत असलेलं माणूस मला अजून भेटायचं आहे.

केळापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला फार तर जगदंबेचं देऊळ आणि नवरात्रातली गर्दी आठवते. तालुक्याचं ठिकाण पांढरकवडा, नागपूरहून हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावरचं. खाली पाटणबोरी ओलांडून पैनगंगेपलीकडे गेलं की आदिलाबाद. कोलाम, गोंड, परधान, कुणबी, तेलुगू बोलणारी घरं, सगळ्यांच्या चुली वेगळ्या. पण वेच्याच्या दिवसांत सगळीकडे प्रश्न एकच असतो: सूर्य वर यायच्या आत काय होईल, आणि दुपारी बांधावर बसून कोरडं, गार झालेलं काय खाता येईल?

याला इथल्या बायकांनी दिलेली उत्तरं आज 'पारंपरिक वऱ्हाडी थाळी' म्हणून हॉटेलात महाग मिळतात. झुणका घ्या. सढळ तेलात मोहरी-जिरं, ठेचलेला लसूण, चिरलेला कांदा, हळद, तिखट. बेताचं पाणी, मीठ, आणि उकळी फुटली की एका हाताने बेसन वैरत दुसऱ्या हाताने घोटायचं. झाकण ठेवून एक वाफ. भाकरीचा तवा तापेपर्यंत झुणका होतो, भाकरीवर ठेवून फडक्यात बांधता येतो आणि दुपारपर्यंत आंबत नाही. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं तेव्हा त्याने गरिबांसाठी एका रुपयात जी थाळी काढली ती झुणका-भाकरीचीच, ही निवड कुणीतरी वावर पाहिलेल्या माणसाने केली असावी.

किंवा कण्या. ज्वारीला पाण्याचा हबका मारून ती जाडसर भरडायची, पाखडून घ्यायची, आणि मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकून मऊ होईपर्यंत शिजवायची. वर ताक, नाहीतर वरण. ज्या दिवशी भाकरी थापायलाही वेळ नाही त्या दिवसाचं हे जेवण. आजीला कुणी विचारलं, "आज का टाकलं वं?" की ती नुसतं "कण्या" म्हणायची, आणि विचारणारीला कळायचं की हिच्याकडे आज वेचा आहे.

अंबाडीची भाजी थोडी जास्त वेळ मागते, पण तो वेळ चुलीचा. कपाशीच्या धुऱ्याला उगवलेली अंबाडी, तिची पानं उकळून, आंबट पाणी पिळून काढायचं. तुरीची डाळ, मूठभर कण्या आणि भिजवलेले शेंगदाणे घालून एकत्र शिजवायचं, रवीने घोटायचं, आणि ताटात वाढल्यावर वरून लसूण-लाल मिरचीची कडकडीत फोडणी. पुढे पौषात तुरीच्या शेंगा भरल्या की सोले. ते थोड्या तेलावर परतून हिरवी मिरची, लसूण, सांबार घालून जाडसर वाटायचे आणि फोडणीत पाणी घालून उकळायचे. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.) मला विचाराल तर सोल्यांच्या आमटीपुढे पनीरच्या सगळ्या भाज्या फिक्या. हा पक्षपात आहे, आणि तो मी सोडणार नाही.

सगळं अर्ध्या तासात होतं, असं ऐकून शहरातल्या मैत्रिणी हरखतात. पण हा अर्धा तास फसवा आहे. पाककृतीतला वेळ आपण गॅस पेटल्यापासून मोजतो. झुणक्यातलं तिखट एप्रिलमध्ये कुटलेलं असतं. बेसनाची हरभराडाळ उन्हाळ्यात निवडून, वाळवून, भरडून डब्यात गेलेली असते. जवसाची चटणी दोन मिनिटांत वाढली जाते, कारण जवस आधीच भाजून लसूण-तिखटाबरोबर कुटून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा भिंतीवरच्या टोपल्यातल्या मुगवड्या, वाळवलेली गवार, वांग्याच्या फोडी उपयोगी पडतात. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून पहाटे शिजवायचा तो मे महिन्यात. वेच्याच्या दिवसांतली घाई उन्हाळ्याने आधीच भरून ठेवलेली असायची. आणि उन्हाळ्याचं ते काम एकटीचं नव्हतं. आज तुझ्या घरच्या शेवया, उद्या माझ्या घरचे पापड. त्या अंगणांत गप्पा होत्या, उखाळ्यापाखाळ्या होत्या, सुनांचं रडणंही होतं. मी त्याला सोनेरी मुलामा देत नाही. सासूच्या धाकाखाली लाटलेला पापडही कुरकुरीतच लागतो.

छापील पाककृतींनी हा उन्हाळा बहुतेक वगळला. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चं. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. माहेर सोडून दूरच्या शहरात, दोन माणसांच्या संसारात पडलेल्या मुलीला 'रुचिरा'ने वाटी-चमच्याच्या मापात धीर दिला, हे तिचं मोठं काम. पण वाटीत मावतं ते सामान; ते सामान तयार करणारे चार जणींचे हात मावत नाहीत. ते हात गेले आणि काम तेवढंच राहिलं, अशी आजच्या नोकरदार घराची अडचण आहे. वेळ कमी झाला म्हणून आपण हळहळतो. आजीकडे तरी तो कुठे होता?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. पुरुषांचा हा आकडा घरकामाला हात लावणाऱ्यांचाच, आणि असे पुरुष शंभरात सव्वीसच. २०२४ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २८९ वर आली. दहा मिनिटं सुटली म्हणून आनंद मानावा, तोवर पुरुषांची ८८ झालेली दिसतात. म्हणजे ती दहा मिनिटं नवऱ्याने उचललेली नाहीत. गॅसने, मिक्सरने, पाकिटाने उचलली असतील.

म्हणून तयार पिठाच्या, पापडाच्या पाकिटावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पांढरकवड्यात महिला बचत गटांचा मोठा मेळावा झाला, पंतप्रधान आले होते. त्यातलं राजकारण ज्याचं त्याने पाहावं. पण पापड, तिखट, कुरडया करून विकणारे गट हे काय आहेत? अंगणातलं तेच उन्हाळी काम, फक्त आता त्याला दर लागला. जी बाई पूर्वी नात्यापोटी लाटत होती ती पैसे घेऊन लाटते, यात चव बिघडण्यासारखं काय आहे? पाकीट कुणाचं आणि दर किती, एवढं मात्र विचारावं.

खरी काळजी डब्यात काय उरलं याची आहे. झुणक्याखालची भाकरच वावरातून निघून गेली. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं, पीक वाढलं, पण संकरित ज्वारीच्या भाकरीला जुनी चव नाही ही म्हाताऱ्यांची तक्रार तेव्हापासूनची. पुढे सोयाबीन आलं, २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जी थोडी ज्वारी पेरावी तिच्यावर पाखरं, रोही आणि रानडुकरं तुटून पडतात; टिपेश्वरचं जंगल जवळ, राखण कोण करणार? ज्वारी गेली तसा बैलांचा कडबा गेला. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. २०२३ हे भरडधान्य वर्ष ठरलं आणि ज्वारीला 'श्री अन्न' ही पदवी मिळाली, तोवर कापसाच्या या मुलखात तीच ज्वारी किराणा दुकानातून किलोने आणण्याची वेळ आली होती. सगळं वावर नगदी पिकाला दिलं की सैपाकाचीही घाई नगदी होते.

तांदूळ घरात आहेच, तर घाईच्या घराला मी गोळाभात सुचवते. विदर्भाचंच जेवण, एका पातेल्यात होणारं. आणखी एक फायदा असा की भाकर थापायला हात बसावा लागतो, ही पुरुषांची जुनी सबब इथे चालत नाही. हरभराडाळीचा रवाळ भरडा दोन वाट्या. त्यात तिखट, हळद, हिंग, जिरं, मीठ आणि चार-पाच चमचे गरम तेलाचं मोहन. पाण्याचा हात लावून लिंबाएवढे घट्ट गोळे वळायचे. दीड वाटी तांदूळ नेहमीपेक्षा थोड्या जास्त पाण्यात शिजत ठेवायचे, पाणी भाताच्या बरोबरीला आलं की गोळे अलगद आत दाबायचे आणि मंद आचेवर झाकण घट्ट ठेवायचं. मध्ये ढवळायचं नाही. इथेच उत्साही मुलगे गोळ्यांचा चुरा करतात. मोहरी, हिंग, सुक्या मिरचीची फोडणी वेगळ्या वाटीत. ताटात गोळा भातावर फोडायचा, वरून फोडणीचं तेल, बाजूला कढी किंवा चिंचेचं सार. उरलेले गोळे सकाळी कांद्यावर परतले की डब्याचं काम होतं, आणि ते परतायलाही घरातल्या कुठल्याही हाताला येतं.