पाकानंतर द्रव्य तेच राहते काय?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर, जेथे दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे माती मळू लागतात, कच्ची वीट भाजून लाल होते, तेव्हा ती पूर्वीचीच वीट असते की नवी, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी घटाच्या उदाहरणाने फार गांभीर्याने मांडला आहे. प्रशस्तपादांच्या वैशेषिक परंपरेने पीलुपाक, म्हणजे उष्णतेने घट विघटित होऊन सुट्या परमाणूंचेच गुण पालटतात व त्यांतून नवा घट घडतो, हे मत स्वीकारले. नैयायिकांनी पिठरपाक, म्हणजे सच्छिद्र घट अखंड राहूनच आतबाहेर भाजतो, हे मत मांडले, कारण ‘तोच हा घट’ ही ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, त्यांना खोटी ठरवायची नव्हती.

धातुविज्ञान या वादाला नवी कसोटी पुरवते. ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम असलेल्या टायटॅनियमच्या मिश्रधातूत अल्फा व बीटा या दोन स्फटिकरचना एकत्र नांदतात. सुमारे ९९५ अंश सेल्सिअसच्या वर सारी रचना बीटा होते, आणि त्याखालीही दीर्घकाळ तापवल्यास स्फटिककण वाढून ताकद सहसा घटते, तर हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागात मुरून तेथे कठीण पण ठिसूळ थर तयार होतो. हे सारे घन अवस्थेतच घडते, वस्तू मोडत नाही. म्हणून वस्तूच्या सातत्याबाबत नैयायिक अधिक खरे ठरतात. मात्र बदलाचे मूळ परमाणूंपर्यंत शोधत जाण्याचा वैशेषिकांचा आग्रह त्याहून मोलाचा आहे, जरी येथे परमाणूंचा स्वभाव कायम राहून मुख्यतः त्यांची मांडणी पालटत असली तरी.