जीर्ण छापांची प्रतवारी

शेंद्र्यास राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनीं परवां वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. आंत निघाले काडेपेट्यांचे जुने छाप. मुलें हे छाप डावाला लावून खेळत, हें वाचकांस ठाऊक असेलच. काडेपेट्या स्वीडनहून व जपानांतून येत त्या काळचे कांहीं. १९२३ सालीं स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीच्या अंबरनाथ येथील कारखान्यांतले कांहीं. पाहावयास आलेल्या संग्राहकानें त्यांच्या दोन राशी केल्या: करकरीत ते मोलाचे, मळलेले ते टाकाऊ.

हा निवाडा न्याय्य काय? अमेरिकेंत बेसबॉलच्या खेळाडूंच्या चित्रकार्डांना एकापासून दहापर्यंत गुण देतात. मिकी मँटल याच्या १९५२ सालच्या साडेनऊ गुणांच्या कार्डाला २०२२ सालीं १ कोटि २६ लाख डॉलर आले. जें कार्ड कोणा मुलाच्या हातीं फारसें लागलें नाहीं, तेंच अमोल ठरलें!

तथापि संग्राहकास आम्ही दोष देणार नाहीं. मूळचे रंग व अक्षरें कशीं होतीं, हें करकरीत छापच सांगतो. तें ज्ञान रक्षिलेंच पाहिजे. मात्र गुण एवढेंच सांगतात कीं, कागद किती शाबूत आहे. त्यानें कोणाला किती आनंद दिला, हें त्यांस मोजतां येत नाहीं. चूक गुण देण्यांत नाहीं. एका मापानें दुसरें माप रद्द करण्यांत आहे.

स्नेह्यांनीं करकरीत छाप विकले. मळलेले पुन्हां पेटींत ठेविले. त्यांच्या कडा वडिलांच्याच बोटांनीं झिजल्या होत्या.