चालतें खेळणें

ठाणें हें आगगाडीचें गांव. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आपल्या देशांतील पहिली उतारूंची गाडी तीन इंजिनांच्या जोरावर २१ मैल धांवून येथें येऊन थांबली. पुढच्याच वर्षीं रूळ कल्याणास पोहोंचले. अशा या टापूंत, समजा, डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत एखादा गृहस्थ रविवारची सारी दुपार पितळेची नळी कानशीनें घाशीत बसला आहे. त्यास वीतभर लांबीचें वाफेचें इंजिन घडवून त्यावर एक इवलासा पंप चालवावयाचा आहे. त्या पंपानें काय साधणार? एका वाटींतलें पाणी दुसऱ्या वाटींत जाणार! हा खटाटोप नीतिदृष्ट्या समर्थनीय आहे काय, हा आमचा प्रश्न.

प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. ज्याचे रोजचे दोन-तीन तास लोकलगाडींतील गर्दींत जातात, त्याच्या रविवारावर बायकामुलांचा हक्क आहे. माथेरानची गाडीही लहानच. पण १९०७ सालीं सुरू झालेल्या त्या गाडीचें लहानपण डोंगराच्या वळणांनीं लादलेलें होतें आणि ती माणसें वाहून नेते. आमच्या गृहस्थाचें इंजिन कांहींच वाहून नेत नाहीं. सोंगट्या खेळणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाहीं, हें उत्तर पुरेसें नव्हे. दुसऱ्याच्या चैनीनें आपली चैन निर्दोष ठरत नाहीं.

आमचें उत्तर निराळें आहे. १७६३-६४ च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठांतील न्यूकमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृति दुरुस्तीसाठीं जेम्स वॅट याजकडे आली. तिची नळी अवघी दोन इंच रुंदीची. ती चार-दोन फेरे घेई आणि वाफ संपून थांबे. कारण असें कीं, निसर्गाची लहान आवृत्ति निघत नाहीं. लांबी दहापट कमी केली तर पृष्ठभाग शंभरपट घटतो, पण घनफळ हजारपट. म्हणजे तेवढ्याच वाफेच्या वाट्यास दहापट अधिक थंड भिंत येते. वॅटला पुढें कळून चुकलें कीं, प्रत्येक फेऱ्यास नळी तापविण्यांत व थंड करण्यांत वाफ वायां जाण्याचा दोष मोठ्या इंजिनांतही होता. तेथें तो झांकलेला होता एवढेंच. १७६५ सालीं वाफ निराळ्या पात्रांत थंड करण्याची युक्ति त्यास सुचली, ती या चालत नसलेल्या खेळण्यापायीं.

शोभेच्या प्रतिकृतीला खोटें बोलतां येतें. चालत्या प्रतिकृतीला येत नाहीं. दट्ट्या व नळी यांत केंसाएवढी फट राहिली कीं वाफ निसटते, आणि मग कितीही वक्तृत्व केलें तरी चाक फिरत नाहीं. आम्हां पदवीधरांचा सारा व्यवहार शब्दांशीं. शब्द सोशीक असतात. अर्धवट समजलेल्या गोष्टीवरही त्यांचा डोलारा उभा राहतो. म्हणून ज्याच्या पुढें वकिली चालत नाहीं असें एखादें न्यायासन शिकलेल्या माणसाच्या घरांत असणें आम्हांस हितकर वाटतें. मुलांनींही बापाचें चाक अडलेलें व त्यानें तें पुनः उघडून पाहिलेलें बघावें. त्यांच्या वाट्याचा रविवार मग सर्वस्वीं फुकट गेला असें म्हणवणार नाहीं.

एक आक्षेप मात्र उरतो. त्याच डोंबिवलीच्या कारखान्यांत लेथवर उभा राहणारा कारागीर याहून अचूक काम रोज करतो; त्याचें कौतुक करणारा निबंध कोणी लिहीत नाहीं. त्यानें केलेला भाग खोक्यांत भरून जातो. तो ज्या यंत्रांत बसतो तें यंत्र फिरलेलें त्यास क्वचितच दिसतें. संपूर्ण वस्तु आपल्या हातून चालूं लागण्याचा जो आनंद हौशी गृहस्थास मिळतो, तो वेतनाच्या कामांत सहसा मिळत नाहीं. तेव्हां या छंदाची खरी कसोटी इंजिन फिरण्यांत नाहीं. नळीच्या एका केंसाएवढ्या फटीसाठीं ज्यानें चार रविवार घालविले, तोच सोमवारीं लेथवाल्याशीं चार रुपयांसाठीं घासाघीस करूं लागला, तर त्याचें चाक फिरलें काय आणि न फिरलें काय, आमच्या मतें तें निव्वळ खेळणेंच राहिलें.