शेरा

दिवाळीच्या सुट्टीत मास्तरच्या घरी दोन गोष्टी हमखास येतात. एक फराळाची ताटे आणि दुसरी प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा. पहिलीचा फडशा पाडायला घरातली सगळी मंडळी धावून येतात. दुसरीच्या वाटेला कोणी जात नाही. यंदाही आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत गॅलरीभर कंदील लागले होते, खाली मुलांचे फटाके चालू होते आणि मी 'शेरा' या रकान्यावर पेन टेकवून बसलो होतो. मी चित्रकलेचा आणि हस्ताक्षराचा मास्तर. शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे माणसांच्या मनात शिरून वाटेल ते लिहायची मला सवय आहे. कादंबरीत ते खपून जाते.

इतक्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी चकल्यांचा डबा घेऊन आली. ती मेडिकल कोडर आहे. म्हणजे काय, हे मला समजायला दोन दिवाळ्या लागल्या. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लिहिलेले कागद ती इथे गिरगावात बसून वाचते आणि प्रत्येक निदानाला ठरलेला आकडा लावते. तिकडची विमा कंपनी आधी तो आकडा पाहते, मग पैशाचे बोलते.

मी सहज विचारल्यासारखे विचारले, "अगं, बोटाच्या हाडाला ताणाने चीर पडली, तर तू काय लिहिशील?"

"कुठल्या हाताच्या, सर?"

"उजव्या."

"एम ८४.३४४. उपचार चालू असेल तर शेवटी ए. हाड नीट भरून येत असेल तर डी, उशीर लागत असेल तर जी."

"आणि पडून मोडले असेल तर?"

"मग एम नाही, एस. ते प्रकरणच वेगळं. आणि गंमत बघा सर, पडून मोडलेलं बोट तर्जनी की मधलं, ते सांगणारे आकडे आहेत. ताणाने चिरलेल्याचा नुसता हात विचारतात."

या आकड्यांचा वंश जुना आहे. केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला त्या १८९३ साली शिकागोला भरलेल्या एका परिषदेत बर्टियों नावाच्या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. पुढे १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती आपल्या हाती घेतली आणि मरणाबरोबर दुखण्यांनाही तीत जागा मिळाली. ताणाच्या अस्थिभंगाची कथा त्याहूनही जुनी. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय वर्णन करून ठेवले. पण आत हाड चिरलेले असते, हे दिसायला १८९५ साली क्ष-किरण सापडावे लागले. मधली चाळीस वर्षे शिपायांचे पाय दुखत होतेच. फक्त त्या दुखण्याला खरे नाव नव्हते.

हे सारे मी कौतुकाने सांगतो आहे असे वाचकांना वाटेल. तसे नाही. मी एका बोटाविषयी विचारत होतो आणि ते बोट माझ्या ओळखीचे होते.

काही वर्षांपूर्वी आठवीत एक मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे. अचानक ते बिघडले. सोमवारी तर पाहवत नसे. "सर, मधलं बोट दुखतं," असे तो एकदा म्हणाला. बोटावर जखम नव्हती, तो कुठे पडलाही नव्हता. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात शेरा मारला, 'आळस. सरावाचा कंटाळा.' आणि औषध म्हणून रोज दोन पाने जास्तीची लावली. घरच्यांनी एक्स-रे काढला. त्यात काही दिसले नाही. मला मनातून बरेच वाटले, हे आज कबूल करतो.

मग कित्येक आठवड्यांनी ती चीर सापडली. मुलगा दर रविवारी मामाबरोबर बेलापूरला कडे चढायला जात असे. वाढत्या वयात बोटाच्या पेराजवळचे हाड कच्चे असते. सारे अंग बोटांच्या टोकांवर तोलले की तिथे पुन्हा पुन्हा ताण बसतो. अशी चीर सुरुवातीला एक्स-रेतही निसटते. विश्रांतीने बोट बरे झाले. पण शाळा सोडेपर्यंत त्या मुलाने मला पुन्हा कधी काही दुखते म्हणून सांगितले नाही. त्या दुखण्याला आकडा नाही.

मी तिला विचारले, "डॉक्टरने नुसते लिहिले, 'चीर असावी असा संशय', तर?"

"बाहेरून दाखवायला आलेल्या रोग्याचा संशय निदान म्हणून लिहायचा नाही, सर. 'उजवं बोट दुखतं' एवढंच लिहायचं. त्यालाही आकडा आहे, एम ७९.६४४. कुठला हात तेच लिहिलं नसेल, तर 'अनिर्दिष्ट'."

"पण तुला कागद वाचून कळत असेल ना?"

"कळून काय उपयोग? मी ठरवायचं नाही. डॉक्टरांना विचारता येतं. पण तेही असं विचारायचं की उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही."

ती गेली आणि मी त्या गठ्ठ्यापुढे बसून राहिलो. प्रथम वाटले, हा नियम माणुसकीचा नाही; लिहिले नाही ते घडलेच नाही, असे म्हणण्यासारखा आहे. आणि तर्क तर करावाच लागतो. तर्क न करणारा डॉक्टर रोग्याला बरा करणार नाही, तर्क न करणारा मास्तर मुलाला ओळखणार नाही. पण मग ध्यानात आले की तो नियम तर्क करू नको म्हणत नाही. तर्क आला की विचारायला जा, लिहायला बसू नकोस, एवढेच तो म्हणतो. माझा अपराध मुलाविषयी चुकीचा अंदाज केला हा नव्हता. अंदाज आल्यावर मी त्याला विचारले नाही आणि तो अंदाज शाईने लिहिला, हा होता. "दुखतं" हे मुलाने सांगितलेले होते. 'आळस' हे माझ्या डोक्यातले होते. रकान्यात जायला हवे होते ते पहिले, आणि गेले दुसरे.

आपण घरीदारी असे शेरे किती सहज मारतो! सून तुसडी, भाऊ कंजूष, शेजारी गर्विष्ठ. पडून मोडलेले सर्वांना दिसते, म्हणून त्याची चौकशी होते. रोजच्या ताणाने आतून चिरत गेलेल्याला आपण स्वभाव म्हणतो.

रात्री उशिरा मी पहिले प्रगतिपुस्तक उघडले. एका मुलीची चित्रे सहामाहीत एकाएकी काळपट झाली आहेत. 'लक्ष नाही' हे दोन शब्द पेनाच्या टोकाशी आलेच होते. मी लिहिले, 'या सत्रात रंग गडद वापरले.' पुढची जागा कोरी ठेवली. सुट्टी संपली की तिला विचारायचे आहे.