वेताळाची गादी

मार्च १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडिया समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पुढच्या वर्षी भिलाईजवळच्या जामुलला एसीसीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. या दोन गोष्टींचा संबंध काहीच नाही, पण जामुलमध्ये बसून इंद्रजालमधला वेताळ, म्हणजे फँटम, वाचलेल्या माणसाला तो लागतोच.

इकडे हातात पडायचे ते बहुधा हिंदी अंक. मराठी अंक आला तर नागपूरच्या पाहुण्यांबरोबर. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक, आणि १९९० मध्ये बंद. इतकी वर्षं वाचक नेमके कशाच्या मागे होते? क्रमाच्या तर नक्कीच नाही. अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्ट्या कापून-जुळवून ठरलेल्या पानांत बसवल्या जात, जुन्या-नव्या कथांची सरमिसळ होई. लग्न झालेला वेताळ पुढच्या एखाद्या अंकात पुन्हा प्रेयसी डायनासाठी झुरताना दिसला, तरी कुणाचं अडत नव्हतं. मार्व्हलच्या कथांचा ‘योग्य क्रम’ लावत बसणाऱ्या आजच्या पोरांना हा शुद्ध गबाळेपणा वाटेल.

पण गबाळेपणा खपला, कारण वेताळाची घडणच तशी. ली फॉक यांनी १९३६ मध्ये उभा केलेला हा नायक अमर नाही, अमर भासतो. बाप मरतो, मुलगा कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, तोच पोशाख चढवतो. आताचा एकविसावा. जंगल समजतं, चारशे वर्षं हा एकच. आतली गोष्ट वाचकाला ठाऊक, आणि खरी मजा या सामीलपणात आहे. चित्रकारही असेच बदलत गेले: रे मूर, विल्सन मॅकॉय, साय बॅरी.

कारखान्याच्या वसाहतीला हे समजावून सांगावं लागत नाही. बापाच्या जागी पोरगा लागला की घर तरलं, हा तिथला हिशेब. कारखान्याचंही तेच: नवी यंत्रणा आली, २०२२ मध्ये मालकी अदानी समूहाकडे गेली, नाव एसीसीच राहिलं.

मात्र एवढी लांब मालिका चालायची तर कुणाला तरी जागच्या जागी उभं राहावं लागतं, आणि तो नायक नसतो. वेताळाचं १९७७ मध्ये लग्न झालं, पुढे जुळी मुलं झाली. कथेतला देशही बदलला, फॉकनी डॉ. लुआगा हा निवडून आलेला कृष्णवर्णीय अध्यक्ष आणला, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. बदलले नाहीत ते त्या जंगलातले बांदार आदिवासी. त्यांनी वेताळाची गुहा राखायची, ढोल वाजवायचे आणि गोरा मुखवटेवाला येईपर्यंत न्यायासाठी थांबायचं.

त्याच १९७७ मध्ये दल्ली-राजहराच्या लोहखाणींतले कंत्राटी मजूर, त्यांत कितीतरी आदिवासी, कामगार नेते शंकर गुहा नियोगींबरोबर संघटित झाले आणि त्यांनी गोळीबार सोसला. तिथलं खनिज भिलाईच्या भट्ट्यांत जातं, भट्ट्यांचा स्लॅग जामुलच्या सिमेंटात. जामुलच्या कंत्राटी कामगारांपर्यंतही ती चळवळ पोचली. नियोगींचा १९९१ मध्ये भिलाईत खून झाला. ज्याची स्वतःचीच जागा पक्की नाही, तो पोराला कुठली गादी देणार? असे प्रश्न आमच्या आसपास विचारले जात होते आणि आम्ही अंक उघडून त्या शांत, आज्ञाधारक जंगलात शिरत होतो.

जुना अंक मिळाला तर मी आजही सोडत नाही. पण बाविसाव्या वेताळाला बांदारांनी ‘आता नको’ म्हटलं, अशी कथा काही माझ्या वाचनात आली नाही. आली असती तर मालिका त्याच आठवड्यात आटोपली असती.