साडेनऊचा डबा

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी साडेनऊला सवयीने डब्यासाठी हात पुढे केला. ‘कुठं निघालात?’ सौभाग्यवती हसल्या. मला उत्तर सुचेना.

महर्षी कर्वे १९१४ साली फर्ग्युसनमधून निवृत्त झाले आणि १९१६ साली, ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ काढले. ७८ व्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी आणखी एक संस्था! स्फुरण चढण्याऐवजी मला धडकीच भरली. मी आपला शेजारच्या मुलाला त्रैराशिक शिकवू लागलो.

परवा तो म्हणाला, ‘आजोबा, आता येतं मला. उद्यापासून नाही येणार.’ आनंद व्हायचा, तर मला चक्क राग आला. मग मी शिकवीत होतो ते कुणासाठी? कर्व्यांना असला प्रश्न पडायला सवडच नसावी.

त्याचे खोडरबर चटईवरच राहिले आहे. नेऊन द्यावे, की तो येईल म्हणून थांबावे?